शर्यतीतलं वजन

वजन करायचं तर काटा हवा, हे भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात कुणीही सांगेल. पण काट्यावर ठेवताच येत नाही अशा रेणूचं काय? १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विल्यम स्टीफन्सनं सुचवलं, की त्याला पळवा आणि वेळ मोजा.

रेणूला विद्युतभार दिला की त्याचा आयन होतो. सगळ्या आयनांना सारखाच धक्का देऊन निर्वात नळीत सोडायचं. ऊर्जा सारखी, म्हणून हलका पुढे, जड मागे. आमच्या मिठागरांच्या पाण्यात सोडियम आहे, थोडं पोटॅशियमही. वस्तुमानं २३ आणि ३९. वीस हजार व्होल्टचा धक्का बसला तर एक मीटरची नळी सोडियमचा आयन साधारण २.४ मायक्रोसेकंदांत पार करतो, पोटॅशियमचा ३.२ मध्ये. वस्तुमान चौपट, तर वेळ दुप्पट.

खरी पंचाईत सुरुवातीलाच होती. विरार लोकल पकडणारे सगळे एकाच जागेवरून थोडेच धावतात! कुणी जिन्यावर, कुणी फलाटावर. आयनांचंही तसंच, त्यामुळे एकाच वस्तुमानाचे आयनही मागेपुढे पोचत. १९५५ मध्ये विली आणि मॅकलॅरन यांनी धक्काच क्षणभर उशिरा दिला. मागे राहिलेल्याला जास्त ऊर्जा मिळते आणि शेवटी तो पुढच्याला गाठतो. मला या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

प्रथिनं मात्र नळीपर्यंत पोचण्याआधीच तुटायची. ऐंशीच्या दशकात जपानच्या कोइची तानाका यांच्याकडून कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं. महागडी भुकटी फेकवेना, म्हणून त्यांनी तीच वापरली आणि लेझरच्या माऱ्यात मोठे रेणू अखंड उडाले. २००२ चं नोबेल त्यात मिळालं. आज इस्पितळांत चालते ती पद्धत मात्र जर्मनीच्या कारास आणि हिलेनकाम्प यांची. त्यांना नोबेल नाही, हे मला खटकतं.

मुंबईत वस्तुमान मोजण्याची ही विद्या वाढली ती युरेनियमच्या समस्थानिकांपायी. या क्षेत्रातल्या संशोधकांची भारतीय संस्था १९७८ पासून ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातच आहे.

माझ्या आत्याच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला, तेव्हा जंतूचं नाव कळेपर्यंत औषध अंदाजानंच चाललं होतं. जंतू वाढवायला वेळ लागतोच. पण एकदा वाढला, की हे यंत्र त्याच्या प्रथिनांची वजनं साठ्यातल्या नमुन्यांशी ताडून काही मिनिटांत नाव सांगतं. नमुना साठ्यात नसेल, तर गप्प बसतं.