बल आघूर्ण

बल आघूर्ण : वस्तूला अक्षाभोवती फिरवण्याची बलाची क्षमता. बल आणि अक्षापासून बलाच्या क्रियारेषेपर्यंतचे लंब अंतर यांच्या गुणाकाराने ती मोजतात. एकक न्यूटन-मीटर. कार्याचेही एकक तेच आहे. पण कार्य अदिश आणि आघूर्ण सदिश असल्याने आघूर्ण जूलमध्ये सांगत नाहीत.

जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या कडेला का ठोकतात, याचे उत्तर या व्याख्येत आहे. मधल्या खिळीपासून 18 सेंमी. अंतरावरच्या खुंट्याला 20 न्यूटन बल काटकोनात लावले, तर आघूर्ण 3.6 न्यूटन-मीटर होते. खुंटा 6 सेंमी.वर असता तर त्याच आघूर्णासाठी 60 न्यूटन बल लागले असते. खुंटा थेट खिळीच्या दिशेने रेटला, तर कितीही जोर लावला तरी तळी फिरत नाही, कारण लंब अंतर शून्य असते.

तळी एका लयीत फिरत असते तेव्हा हाताचे आघूर्ण सरासरीने घर्षणाच्या व भरडल्या जाणाऱ्या धान्याच्या विरोधी आघूर्णाएवढे असते. फिरत राहण्यासाठी आघूर्ण लागतेच, ही समजूत विद्यार्थ्यांमध्ये फार घट्ट आहे आणि ती चुकीची आहे. निव्वळ आघूर्ण लागते ते परिभ्रमणाची गती बदलण्यासाठी. निव्वळ आघूर्ण म्हणजे जडत्व आघूर्ण (फिरण्याची गती बदलण्यास वस्तूचा होणारा विरोध) गुणिले कोनीय त्वरण.

आघूर्णांच्या समतोलाचाच एक प्रकार असलेला तरफेचा नियम आर्किमिडीजने सिद्ध केला होता. दृढ वस्तूंच्या गतीचा सविस्तर सिद्धांत मात्र लेओनार्ड ऑयलरच्या 1765 मधील ग्रंथात आला.

जडत्व आघूर्ण नुसत्या वस्तुमानावर ठरत नाही. ते वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे, हेही महत्त्वाचे. सारखेच वस्तुमान व त्रिज्या असलेल्या कड्याचे जडत्व आघूर्ण भरीव चकतीच्या दुप्पट असते. कुंभार चाकाची कड जड ठेवतो ती यासाठीच : काठीने एकदा गती दिली की चाक मडके आकाराला येईपर्यंत फिरत राहते.

बाह्य आघूर्ण शून्य असेल तर कोनीय संवेग (जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय वेग) अक्षय्य राहतो. पृथ्वीला ही सवलत पूर्णपणे मिळत नाही. भरती-ओहोटीमुळे चंद्राचे आघूर्ण तिच्यावर सतत कार्य करते. त्यामुळे दिवस शतकाला सुमारे 2 मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या कक्षीय गतीत जमा होतो आणि चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंमी. दूर जातो.