बोल्टावरचा ‘एफ’

महायुद्धातली जीप दुरुस्तीला घेतलेला माणूस आधी इंजिनाकडे जात नाही. तो बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग खरवडतो. फोर्डच्या कारखान्यात जुळवलेल्या जीपच्या बोल्टांवर, पेडलांवर, सीटच्या सांगाड्यांवर, अगदी बारीकसारीक कड्यांवरही रोमन लिपीतलं ‘एफ’ हे अक्षर उठवलेलं असे. विलीज कंपनीच्या जीपवर ते नसे. पुढच्या बाजूला चासीचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीजची, उलट्या ‘यू’सारख्या पत्र्याचा असेल तर फोर्डची. आणि पुष्कळदा असं निघतं की चासी विलीजची आहे, बॉनेट फोर्डचं आहे आणि बोल्टांमध्ये दोन्ही घराणी नांदताहेत.

ही सरमिसळ नंतरच्या एखाद्या मिस्त्रीने केली असेल, पण लष्कराच्या कार्यशाळांनीही ती सर्रास केली होती. मोडलेल्या दोन जीपमधून चालती एक सहज उभी करता येई. युद्धकालीन लष्करी वाहनं जिवंत ठेवण्याचा जो छंद आज अमेरिकेपासून फ्रान्सपर्यंत आणि आपल्याकडेही दिसतो, त्याचा उगम युद्धाच्या आठवणींत शोधला जातो. आठवणींचा वाटा आहेच. पण हा छंद सामान्य माणसाच्या हाताला लागला तो या गाडीच्या दुरुस्तीसुलभतेमुळे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि अमेरिकी लष्कराला एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीची घाई झाली. १३५ कंपन्यांना मागणीपत्रं गेली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. प्रतिसाद देणाऱ्या दोनच कंपन्या निघाल्या: ओहायोतल्या टोलेडोची विलीज-ओव्हरलँड आणि पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बॅन्टम. बॅन्टम ही छोट्या मोटारी बनवणारी, जवळपास बुडालेली कंपनी होती. तिच्याकडे आराखडे काढायला पुरेसे अभियंतेही उरले नव्हते. डेट्रॉइटच्या कार्ल प्रॉब्स्टला बोलावून घेतलं गेलं आणि त्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा उभा केला. स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचे अॅक्सल बदलून घेतले, इंजिन कॉन्टिनेन्टलचं बसवलं. जे बाजारात तयार मिळत होतं ते आधी वापरलं. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, प्रॉब्स्ट स्वतः ती गाडी घेऊन मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोचला. मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

बॅन्टमला या कामाचं चीज मिळालं नाही. लष्कराला लाखोंच्या संख्येने गाड्या हव्या होत्या आणि एवढी ताकद त्या कारखान्यात नव्हती. आराखडे सरकारी मालमत्ता ठरवून विलीज आणि फोर्डला दाखवले गेले. बॅन्टमने सुमारे २,७०० जीप बनवल्या आणि उरलेलं युद्ध जीपमागे जोडायच्या ट्रेलरांवर काढलं. त्यामुळेच संग्राहकांच्या जगात आज बॅन्टमची जीप सापडणं ही मोठी गोष्ट मानली जाते.

विलीजची बाजू सावरली ती तिचा अभियंता बार्नी रूस याच्या इंजिनाने. ‘गो डेव्हिल’ नावाचं ते २.२ लिटरचं इंजिन ६० अश्वशक्ती देई. प्रतिस्पर्ध्यांची इंजिनं त्याच्यापुढे फिकी होती. अडचण वजनाची होती. लष्कराने घालून दिलेली मर्यादा हे जड इंजिन ओलांडत होतं. रूसच्या माणसांनी गाडी पूर्ण सुटी केली, एकेक भाग तोलला, लांब बोल्ट कापून आखूड केले. शेवटी रंगाचा एकच हात परवडतो इथपर्यंत हिशोब गेला. १९४१ च्या जुलैत विलीजला १६,००० गाड्यांचं कंत्राट मिळालं. एकटी विलीज पुरेशी पडेना तेव्हा त्याच वर्षी फोर्डला विलीजच्याच आराखड्यावरून तीच गाडी बनवायला सांगितलं गेलं. अट एकच होती: एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे.

त्या अटीने पुढचं सगळं ठरवलं. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या आणि त्या मोटारदुरुस्तीचं शिक्षण नसलेल्या पोरांच्या हाती सोपवल्या. हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरत, म्हणजे रात्री त्यांचाच उजेड इंजिनावर पाडून काम करता येई. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. काचेची चौकट पुढे बॉनेटवर पाडता येई. लष्कराने ‘टीएम ९-८०३’ ही दुरुस्तीपुस्तिका काढली. कोणता नट कधी आवळायचा, वंगण कुठे किती, हे तिच्यात चित्रांसकट दिलेलं आहे. सुट्या भागांच्या सूचीत या गाडीचा क्रमांक होता ‘जी-५०३’. जगभरचे जीपवाले आजही एकमेकांत तो क्रमांक खुणेसारखा वापरतात. त्या पुस्तिकेच्या प्रती अजून छापल्या जातात आणि ग्रीसचे डाग पडेपर्यंत वापरल्या जातात.

युद्ध संपलं आणि गाड्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. परत न्यायचा खर्च किमतीपेक्षा जास्त. अमेरिकेत नियतकालिकांच्या मागच्या पानांवर ‘खोक्यात बंद नवी जीप, ५० डॉलर’ अशा जाहिराती कित्येक वर्षं चालल्या. पैसे पाठवणाऱ्याला जीप येत नसे. सरकारी लिलावात बोली कशी लावायची याची एक पुस्तिका येई. तरीही शेतांवर, लाकडाच्या वखारींत, पेट्रोलपंपांवर जीप पोचल्या त्या लिलावांतूनच. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमजवळ रडिंग्टनला लष्करी वाहनांचे प्रचंड लिलाव वर्षानुवर्षं भरत. वेल्सच्या अँगलसी बेटावर रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर अशीच एक जुनी जीप वापरत होता. ती थकल्यावर पुढे काय, या विचारातून लँड रोव्हर जन्मली आणि तिचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर उभा राहिला. मनिलात तर लोकांनी उरलेल्या जीपची मागची बाजू लांबवली, बाकं टाकली, छप्पर चढवलं आणि शहराची सार्वजनिक वाहतूकच त्यांच्यावर चालवली. आज युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना जीपचा नवा टब, म्हणजे पत्र्याची बॉडी, हवा असतो तेव्हा तो बहुधा फिलिपिन्समध्येच दाबून तयार झालेला असतो, यात मला तरी नवल वाटत नाही. पत्र्याचं हे ज्ञान त्या शहराने रोजच्या भाकरीसाठी जपलं होतं.

जुनी लष्करी जीप नीट केली आहे असं नुसतं म्हणण्यात आणि ती खरोखर चालती करण्यात किती अंतर असतं, हे भारताला स्वातंत्र्यानंतर लवकरच कळलं. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने, व्ही. के. कृष्ण मेनन उच्चायुक्त असताना, एका परदेशी कंपनीशी ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार केला. पोचल्या १५५ आणि लष्कराला त्या वापरण्याजोग्या वाटल्या नाहीत. संसदेत ते प्रकरण गाजलं आणि १९५५ मध्ये सरकारने ते मिटवलं.

छंद म्हणून या कामाला रूप आलं ते युद्धानंतर वीसेक वर्षांनी. लष्करंच जुन्या गाड्या मोडीत काढू लागली आणि ज्यांनी तरुणपणी त्या चालवल्या होत्या ते पन्नाशीला आले. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस लष्करी वाहनं जतन करणाऱ्यांचा गट उभा राहिला, अमेरिकेत १९७६ मध्ये संग्राहकांचा क्लब निघाला आणि त्याचीच पुढे ‘मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन’ झाली. हॉलंडच्या बार्ट व्हॅन्डरव्हीनने या गाड्यांच्या सचित्र सूची छापल्या आणि १९८२ पासून ‘व्हील्स अँड ट्रॅक्स’ हे नियतकालिक चालवलं. रंगाची छटा, कंपनीचा शिक्का, टायरची नक्षी यांवर पुराव्यानिशी वाद घालण्याची शिस्त या छंदाला अशा लिखाणाने लावली. फ्रान्सचा वाटा वेगळा आहे. तिथे हॉचकिस कंपनीने १९६६ पर्यंत परवान्यावर जीप बनवली आणि फ्रेंच लष्कर ती पुढेही अनेक वर्षं वापरत राहिलं. त्यांची गोदामं रिकामी झाली तेव्हा न वापरलेले सुटे भाग खोक्यांनिशी बाजारात आले. आजच्या किती ‘अमेरिकी’ जीप त्या फ्रेंच भागांवर पळतात!

दरवर्षी जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर या गाड्यांचे ताफे जमतात. २००९ मध्ये अमेरिकी संग्राहकांनी १९१९ च्या लष्करी ताफ्याच्या मार्गाने पूर्वकिनाऱ्यापासून पश्चिमकिनाऱ्यापर्यंत आपली वाहनं नेली. मूळ ताफ्यात तरुण आयझेनहॉवर होता. अशा वेळी कुणी रस्त्याकडेला थांबून आपल्या आजोबांच्या पलटणीचं नाव सांगतं आणि गाडीचा मालक बॉनेट उघडून सगळं दाखवत बसतो. या छंदातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

त्या आधीचे महिने मात्र गॅरेजमध्ये जातात. जीपच्या टबच्या तळाला ताठपणा यावा म्हणून खालून पन्हळीच्या आकाराच्या पट्ट्या लावलेल्या असत आणि त्यांच्या पोकळीत लाकूड ठासलेलं असे. लाकडाने पाणी धरलं आणि पत्रा आतून कुजला. वरून रंग शाबूत आणि पायाखाली जाळी. सहा व्होल्टची वायरिंग, गिअरबॉक्समागच्या पेटीतून येणारे दोन छोटे दांडे (एक पुढची चाकं जोडायला, दुसरा लो गिअरसाठी), झिजलेली किंग-पिनची बेअरिंगं, सगळं एकेक करून उतरवायचं. मग वाद सुरू होतो रंगाचा. ऑलिव्ह ड्रॅबला चमक असता कामा नये. युद्धाच्या सुरुवातीला बॉनेटवरचा नंबर पांढरा नव्हता, दुरून दिसू नये म्हणून निळसर होता. अमेरिकेतल्या परीक्षणात कारखान्यातून नुकती आल्यासारखी गाडी आणि ताफ्यात वापरात असल्यासारखी गाडी असे निराळे वर्ग असतात. माझा कल दुसरीकडे आहे. सरमिसळ बोल्ट काढून सगळे एका कंपनीचे बसवले की गाडी सुबक होते, पण आघाडीमागच्या कार्यशाळेतल्या कुण्या कारागिराचं काम पुसलं जातं.

आपल्याकडे ही गोष्ट कधी ‘जुनी’ झालीच नाही, कारण जीप बनतच राहिली. युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मोहिमेचं काम पाहिलेले के. सी. महिंद्र तिथे ही गाडी बघून आले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जुळू लागल्या. वनखातं, पोलीस, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार: ग्रामीण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चारचाकी म्हणजे जीप होती. गिअरबॉक्समागची ती पेटी महिंद्रच्या गाड्यांत दशकानुदशकं जवळपास तीच राहिली, म्हणून महायुद्धातल्या जीपला कुर्ल्याच्या बाजारातला भाग बसतो. रणगाड्यांसारखी जड वाहनं पाहायची तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून जपानी रणगाड्यांपर्यंत सगळं उभं आहे. छांदिष्टाच्या वाट्याला येते ती जीपच, आणि त्यातही ‘लो बोनेट’, म्हणजे ठेंगण्या बॉनेटची जुनी जीप.

तिची खरी अडचण इंजिनाची. डिझेल स्वस्त होतं त्या काळात अनेकांनी पेट्रोलचं इंजिन काढून प्यूजोचं डिझेल इंजिन चढवलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये आणि दहा वर्षांची मुदत. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. त्यामुळे आता लो बोनेटवाले पुन्हा गो डेव्हिलच्या शोधात आहेत. नंतरच्या महिंद्र जीपमधलं हरिकेन इंजिन त्याच घराण्यातलं, सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दोन्हींची एकच; पण त्याचं हेड उंच आहे, आणि विलीजला १९५३ मध्ये बॉनेट उंच करावं लागलं ते त्यामुळेच. जुन्या बॉनेटखाली ते मावत नाही. मग मिस्त्री आतले जे भाग जुळतात ते हरिकेनचे घेतो, ब्लॉक मात्र मूळचाच शोधतो आणि तो मिळेपर्यंत चासी ठोकळ्यांवर उभी राहते.