टपावरचा तंबू आणि ऐंशी पौंडी राहुटी

मंडळी, गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. तंबू! गाडीच्या टपावर बसवायचा, शिडी लावून वर चढायचं आणि उघडून आत झोपायचं, असा तंबू. भाचा रोज एक नवीन चित्र पाठवतो, त्याखाली किंमत असते आणि ती वाचून घरात थोडा वेळ शांतता पसरते. आकडा लाखाच्या घरात जातो, म्हणून "घ्या" म्हणायच्या आधी थोडं वाचून घ्यावं असं ठरवलं. आता मी वाचायला बसलो की काय होतं ते नातेवाइकांना माहीत आहेच. तंबूचा पत्रक वाचता वाचता दीडशे वर्षं मागे गेलो.

पहिली गंमत अशी की इंग्रजांच्या फौजेत तंबूंची नावं वजनावरून असत. ऐंशी पौंडी तंबू, चाळीस पौंडी तंबू. तो किती मोठा, किती उंच, कोणत्या रंगाचा, हे नंतर. आधी वजन, कारण तो कोणाच्या तरी पाठीवरून जायचा असे. खेचराचं ओझं साधारण १६० पौंड धरत, म्हणजे एका खेचरावर दोन ऐंशी पौंडी तंबू. ऐंशी पौंड म्हणजे ३६ किलो. भाच्याने पाठवलेले टपावरचे तंबू ५० ते ७० किलोंचे आहेत. म्हणजे आपली गाडी खेचराहून भक्कम आहे, पण हिशेब तोच करायचा आहे. (भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, खेचराला मायलेज चांगलं असेल.")

नागपूर हे तंबूचं गाव होतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. जिल्ह्याचा साहेब पावसाळाभर बंगल्यात बसून कागद बघायचा, आणि नोव्हेंबर उजाडला की दौऱ्यावर निघायचा तो थेट उन्हं तापेपर्यंत. या फिरतीला 'कॅम्प' म्हणत. मुक्काम बहुधा गावाबाहेरच्या आमराईत. सावली, विहीर आणि माणसांना येऊन बसायला जागा, तिन्ही एका ठिकाणी. ऐपतीच्या साहेबाकडे तंबूचे दोन संच असत. एकात तो झोपलेला असताना दुसरा रात्रीच बैलगाडीवर किंवा उंटावर लादून पुढच्या मुक्कामाला जाई. सकाळी साहेब घोड्यावरून पोचला की तंबू उभा आणि न्याहारी तयार.

आमच्या सिवनी रस्त्यावरची दोन पुस्तकं याच तंबूंतून निघाली. कॅप्टन जेम्स फोरसिथचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ मध्ये आलं. पचमढीत १८६२ मध्ये 'बायसन लॉज' बांधणारा तो हाच. दुसरं रॉबर्ट स्टर्नडेलचं 'सिवनी', १८७७ चं, आणि त्याचं उपशीर्षकच मुळी 'सातपुड्यातलं कॅम्पचं जीवन' अशा अर्थाचं आहे. किपलिंग सिवनीला कधी आला नाही, पण त्याच्या 'जंगल बुक'साठी त्याने या पुस्तकाचा आधार घेतला असं मानतात. म्हणजे मोगलीचं जंगल एका अर्थी तंबूच्या दारातून बघितलेलं आहे. आज पेंचला जाताना आपण रिसॉर्टच्या पाट्या मोजतो ते सोडा.

आता हे तंबू शिवत कोण होतं, ते ऐका. एक मोठं ठिकाण होतं जबलपूर. स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला तेव्हा जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांना मोकळं सोडता येईना आणि फाशीही देता येईना. त्यांच्यासाठी १८३७ च्या सुमारास तिथे 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' नावाचा कारखाना काढला. ठग आणि त्यांची मुलं तिथे सतरंज्या, गालिचे आणि तंबू तयार करत. त्यांच्या जबान्यांत नागपूर–जबलपूर वाटेवरच्या प्रवाशांची हकीगत येते. ज्यांनी त्या वाटेवर मुक्कामाला उतरलेल्या माणसांचे गळे आवळले, त्यांनीच पुढे मुक्कामाला उतरणाऱ्यांसाठी तंबू शिवले! मी हे वाचलं त्या रात्री तंबूची चित्रं बघितली नाहीत.

कापडाची युक्ती मात्र शिकण्यासारखी आहे. जुन्या चांगल्या तंबूला दोन छतं असत, एकावर एक, मध्ये हातभर मोकळी जागा. वरचं छत ऊन खातं, मधली हवा वाहत राहते, खालचं छत त्यामानाने थंड राहतं. नागपूरच्या उन्हाला यापेक्षा मोठं शास्त्र लागत नाही. आत पिवळं किंवा गडद अस्तर, म्हणजे दुपारी डोळे दिपत नाहीत.

पण मला या सगळ्यात सर्वांत जास्त थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तंबू नेत कोण होतं? वर लिहिलं ना, की रात्रीच बैलगाडीवर लादून पुढे जाई. ती बैलगाडी कोणाची? गावातल्या शेतकऱ्याची. नोव्हेंबर म्हणजे कपाशीची वेचणी, रब्बीची पेरणी. नेमकी तेव्हाच बंडी आणि बैल साहेबाच्या कॅम्पला जुंपायचे. दूध, कोंबड्या, चारा, जळण, याला 'रसद' म्हणत आणि कामाला 'बेगार'. कागदावर पैसे मिळत, पण ते पट्टेवाल्याच्या हातून गावापर्यंत येता येता किती उरत हे सांगायला नको. माझी आजी मालगुजाराच्या गावची. तिच्या तोंडी साहेबाच्या कॅम्पच्या गोष्टी असत, पण त्यांत कधी तंबू नसायचा. "कॅम्प आला की आमच्या घरचं दूध जायचं," एवढंच. आम्ही मुलं वाघाची गोष्ट मागायचो आणि तिला दूधच आठवायचं.

हिमालयात तर याला 'कुली उतार' म्हणत आणि तिथे सामान माणसांच्या पाठीवरून जाई. गावागावांत कुलींची नोंदवही असायची. डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, चौदा हजारांवर प्रतिनिधी आले होते. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. त्या गर्दीत कुमाऊंहून आलेली मंडळी होती, बद्रीदत्त पांडे त्यांपैकी एक. इथून परत गेल्यावर दोनच आठवड्यांत, मकरसंक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी १९२१ ला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी त्या कुली नोंदवह्या शरयू नदीत बुडवल्या. पुन्हा साहेबाचं सामान उचलणार नाही अशी शपथ घेतली. असहकाराचं नागपूर अधिवेशन शाळेत आम्ही एका ओळीत पाठ केलं. तंबूच्या ओझ्यापर्यंत त्याचा धागा जातो हे कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्या मराठी फौजांकडेही बघायला हवं, नाहीतर पुण्याचे नातेवाईक रागावतील. ब्रॉटन नावाचा इंग्रज १८०९ मध्ये शिंद्यांच्या लष्कराबरोबर फिरत होता. तो लिहितो की तळ हलला की बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्याच्या जागी एक छोटं पांढरं निशाण रोवी, मग त्या अंदाजाने बाजारांची निशाणं लागत आणि सगळं लष्कर आपापल्या जागी येऊन बसे. बिनीवाले आडनावाची मंडळी आपल्या ओळखीत आहेत. मुक्कामाला पोचल्यावर जागेवरून घोळ घालणारेही तेच असतात, पण असो. आणि तुळापूरची गोष्ट कोणाला माहीत नाही? संताजी घोरपड्यांनी रात्री औरंगजेबाच्या छावणीत शिरून तंबूचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस घेऊन गेले. बखरीतली हकीगत आहे, बादशहा त्या रात्री दुसरीकडे होता म्हणून वाचला म्हणतात. मला त्यातून एवढंच कळतं, की जमिनीवरच्या तंबूचा जीव तणाव्यांत असतो. टपावरच्या तंबूला तणावे जवळजवळ नसतातच, त्याचा जीव खालच्या पट्ट्यांच्या बोल्टांत असतो. ते दर मुक्कामाला तपासावे लागतात.

उंचावर झोपायची कल्पनाही नवी नाही. 'ऐने अकबरी'त अकबराच्या दोन मजली तंबूचं वर्णन आहे, अठरा खांबांवर उचललेल्या लाकडी तक्तपोशीचं. पण एवढं लांब कशाला? उमरेड, भिवापूरकडे शेतात जागलीला जाणारा माणूस रानडुकरांपायी मचाणावरच झोपतो. चार बल्ल्या, वर तट्ट्या, एक घोंगडी, हाताशी डबा बडवायला काठी. शिडीही असते. फक्त त्याला कोणी 'ॲडव्हेंचर' म्हणत नाही, कारण सकाळी उठून त्याला पुन्हा त्याच शेतात राबायचं असतं.

गाडीच्या टपावर तंबू मात्र युरोपचा. इटलीतली एक कंपनी १९५८ पासून ते करते. पूर्व जर्मनीत तर इवल्याशा ट्राबांट गाडीच्या टपावर लोक तंबू लावून सुट्टीला जात. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तो खरा रुजला, कारण तिथे अंतरं मोठी आणि खाली सापविंचू.

मग आपण घ्यायचा का? माझं मत सांगतो. कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत टपाचं वजन दिलेलं असतं, बऱ्याच लहान गाड्यांना ते ५० किलोंच्या आसपासच असतं. तो आकडा चालत्या गाडीचा. उभ्या गाडीवर माणसं झोपली तर टप बराच जास्त भार सोसतो, पण रस्त्यावर तंबू, कॅरियर धरून आकड्याच्या आत राहायला हवं. आमच्या गाडीत कडक कवचाचा तंबू बसत नाही, विषय संपला. कापडाचा घडीचा बसेल. त्याला वरचं दुसरं छत हवं, आणि खिडक्या समोरासमोर, नाहीतर थंडीत पारा दहाच्या खाली गेल्यावर आपल्याच श्वासाचं पाणी पहाटे तोंडावर ठिबकतं. टपावर काही कायमचं बसवायच्या आधी आरटीओत विचारावं. वाघाच्या जंगलात गाडी लावून झोपता येणार नाही, वनखातं उठवेल, आणि ते बरोबरच आहे. शिवाय उंची सापाला चालते, बिबट्याला नाही.

आणि शिडी. आमच्या घरात तीन जणांचे गुडघे बोलतात. रात्री दोनदा उतरायचं असेल तर सहा फूट अंधारात उतरावं लागेल. भाचा म्हणतो, "तुम्ही खाली झोपा ना, आम्ही वर." तर सध्याचा ठराव असा: मोठा टपावरचा तंबू विकत घ्यायचा नाही, एक हिवाळा भाड्याने आणून बघायचा. म्हाताऱ्यांसाठी खाली एक दोन छतांचा सुती तंबू, तो मी कानपूरकडून मागवतोय, वजन विचारून. उचलायला आम्ही चौघं आहोत. जागाही ठरली आहे, आजीच्या गावची आमराई, जेवढी उरली आहे तेवढी. तिथल्या काकांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दूध किती लागेल?" मी सांगितलं, दूध आम्ही घेऊन येतो.