वायरीचं दुसरं टोक : लॅपटॉपच्या पोर्टांचा छोटा इतिहास



विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस लॅपटॉपच्या पोर्टांवर काय बोलणार? खरं सांगतो, मला या विषयात एका फजितीने ओढलं. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यान होतं. मुलाने नवा, पातळ, देखणा लॅपटॉप घेऊन दिलेला. कंपनी कोणती ते सोडा. सभागृहात प्रोजेक्टर होता आणि भिंतीतून त्याची निळ्या टोकाची, पंधरा पिनांची जाड वायर बाहेर आलेली होती. माझ्या लॅपटॉपला सगळे पोर्ट छोटे, लंबगोल, एकसारखे. कन्व्हर्टर घरी राहिलेला. वीस मिनिटं धावपळ झाली, शेवटी चित्रांशिवायच बोललो. नंतर एक आजोबा भेटले, म्हणाले, ‘‘सर, चित्रं नव्हती म्हणून नीट ऐकता आलं.’’ (हशा)

परतताना एसटीत एकच प्रश्न डोक्यात होता. चूक कुणाची? लॅपटॉप उत्तम चालत होता, प्रोजेक्टरही उत्तम चालत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी काम अडलं. मग मी या गोष्टीचा इतिहास वाचायला लागलो.

ती पंधरा पिनांची वायर म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर ती आणली. म्हणजे माझ्या हातातल्या लॅपटॉपला तीस वर्षांपूर्वीच्या ठरावाशी जुळवून घ्यायचं होतं. ‘ठराव’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पोर्ट म्हणजे यंत्राला पाडलेलं नुसतं छिद्र नव्हे. या आकाराची वायर आण, मी तुझं काम करीन, असा यंत्राने बाहेरच्या जगाशी केलेला तो करार असतो.

नव्वदच्या दशकात अशा करारांचा सुळसुळाट झाला होता. संगणकाची पाठ आठवा. कीबोर्डला गोल पोर्ट, प्रिंटरला रुंद, मोडेमला तिसरंच काही. त्यावर उपाय म्हणून १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं. इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकाराने हे काम झालं ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. सयाजीरावांच्या बडोद्याशी मराठी माणसाचं नातं मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता ही यूएसबीची पिन पहिल्यांदा कधीच बसत नाही, उलटी करून लावावी लागते, हा आपला सगळ्यांचा अनुभव. भट्टांनी त्याचं कारण सांगितलं आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर वायरी वाढतात, सर्किट वाढतं, खर्च वाढतो. स्वस्त झाली नाही तर कुणी ती स्वीकारणार नाही. म्हणून त्यांनी सोय सोडली आणि किंमत धरली. पोर्टांच्या इतिहासात असं प्रत्येक पानावर दिसतं: काहीतरी धरायचं तर काहीतरी सोडावं लागतं.

१९९८ साली अ‍ॅपलचा आयमॅक आला. त्यात फ्लॉपी नव्हती, कंपनीचे स्वतःचे जुने पोर्टही नव्हते, होता तो यूएसबी. ओरड झाली. लोकांनी बाहेरून लावायचे फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेतले. पण पुढे फ्लॉपी खरोखरच गेली. यातून संगणक उद्योगाने एक धडा घेतला: लोक आधी ओरडतात, मग त्यांना सवय होते. हा धडा अर्धाच खरा आहे. आयमॅक प्रामुख्याने घरच्या टेबलावर बसणारा संगणक होता. २००८ साली जेमतेम एक यूएसबी पोर्ट असलेला मॅकबुक एअर लिफाफ्यातून बाहेर काढून दाखवला, तेव्हाही ज्यांना जास्त पोर्ट हवेत त्यांच्यासाठी शेजारी मॅकबुक प्रो होताच.

घोडं पेंड खाल्लं ते २०१६ मध्ये. २७ ऑक्टोबरला अ‍ॅपलने नवा मॅकबुक प्रो जाहीर केला. १५ इंची मॉडेलची जाडी १८ मिलिमीटरवरून १५.५ वर आली, वजन २.०४ किलोवरून १.८३ वर. जुना यूएसबी गेला, एचडीएमआय गेला, कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाची खाच गेली, पाय अडकला की अलगद सुटणारा मॅगसेफ चार्जर गेला. उरले चार यूएसबी-सी आणि हेडफोनचा एक जॅक. मेमरी जास्तीत जास्त १६ गिगाबाइट.

कंपनीची बाजू आधी नीट ऐकू. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करायचं नाही, ही आपली परंपरा आहे. त्या चार पोर्टांमधून सेकंदाला ४० गिगाबिट माहिती जाऊ शकत होती. एकाच वायरीतून चार्जिंग, मोठा पडदा आणि हार्ड डिस्क तिन्ही चालत. चार्जर डावीकडे लावा नाहीतर उजवीकडे. मेमरीचंही कारण होतं. कमी वीज खाणाऱ्या त्या वेळच्या मेमरीची मर्यादा १६ गिगाबाइट होती. ३२ हवी तर जास्त वीज खाणारी मेमरी लागणार आणि बॅटरी लवकर संपणार. बरं, बॅटरी वाटेल तेवढी मोठी करता येत नाही, कारण १०० वॉट-अवरच्या वरची बॅटरी विमानात न्यायला वेगळी परवानगी लागते.

युक्तिवाद चांगला आहे. पण आदल्या मॉडेलची बॅटरी ९९.५ वॉट-अवरची होती आणि नव्याची ७६. म्हणजे हात बांधले होते ते विमानाच्या नियमाने नव्हे, पातळ करण्याच्या निश्चयाने.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची. कंपनीचे फिल शिलर यांना एका मुलाखतीत एसडी कार्डाबद्दल विचारलं. त्यांचं म्हणणं असं की ती खाच अडचणीची होती, कार्ड अर्धं बाहेर राहायचं, शिवाय चांगले कार्ड रीडर मिळतात आणि कॅमेरेही आता बिनतारी फोटो पाठवतात. मग हेडफोनचा जॅक का ठेवला? आयफोनमधून तर तो दीड महिन्यापूर्वीच काढला होता! त्यावर उत्तर असं की व्यावसायिक लोक स्टुडिओतले स्पीकर आणि इतर ध्वनियंत्रणा लावतात, आणि त्यांना बिनतारी पर्याय नाही.

ही दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहा. जॅकच्या बाबतीत कंपनीने वायरीचं दुसरं टोक पाहिलं. कार्डाच्या बाबतीत पाहिलं नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक वायरीला दोन टोकं असतात. काही वायरींची दोन्ही टोकं आपल्या मालकीची असतात: आपला चार्जर, आपली हार्ड डिस्क. ती बदलायची तर थोडी पदरमोड होते, पण बदलता येतात. काहींचं दुसरं टोक मात्र परक्याच्या हातात असतं: सभागृहाचा प्रोजेक्टर, अशिलाने आणून दिलेलं कार्ड. मी कितीही आधुनिक झालो तरी ते टोक हलत नाही. आणि व्यावसायिक माणूस म्हणजे कोण? ज्याचं काम दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या अटींवर चालतं तो. लग्नाचे फोटो काढणारा ‘थांबा, कन्व्हर्टर आणतो’ म्हणू शकत नाही, अंतरपाट दूर व्हायचा थांबत नाही. लॅपटॉप दोनशे ग्रॅमने हलका झाला, पण गैरसोय नाहीशी झाली नाही. ती यंत्रातून माणसाच्या पिशवीत गेली. तिथे कन्व्हर्टर साठत गेले: एक ना धड, भाराभर चिंध्या.

आणखी एक घोळ आहे. यूएसबी-सीचा आकार एक, पण क्षमता वेगवेगळ्या. एका पोर्टातून सेकंदाला ४८० मेगाबिट जातात, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्यातून ४० गिगाबिट. केबलींचंही तेच. धर्मकीर्ती म्हणतो, वस्तू खरी कोणती, तर जी काही कार्य घडवू शकते ती. त्याच्या हिशेबाने या एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू एक नाहीतच. पूर्वी पोर्ट पाहून तो काय करणार हे कळायचं. आता लावून पाहावं लागतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने एचडीएमआय, एसडी खाच आणि मॅगसेफ हे तिन्ही परत आणले. यंत्र जड झालं, १६ इंची मॉडेल २.१ किलोचं, आणि गिऱ्हाइकांनी ते आनंदाने उचललं. पण ‘जुनं ते सोनं’ म्हणून टाळ्या वाजवायची घाई नको. परत आलेला एचडीएमआय मागच्या पिढीचा, २.० होता. २.१ मिळायला जानेवारी २०२३ उजाडलं. तोवर यंत्र घेतलेल्यांना तो पोर्ट बदलणं शक्य नव्हतं. पक्का बसवलेला पोर्ट यंत्राबरोबर म्हातारा होतो, कन्व्हर्टर मात्र बदलता येतो. हा पूर्वपक्षाचा मुद्दा मला मान्य करावाच लागतो.

आणि जुना यूएसबी परत आला नाही. पेनड्राइव्ह तर बहुधा दुसऱ्याचाच असतो, मग तो का नाही? इथे माझी कसोटी जरा अडखळते. मला वाटतं, मधल्या काळात पेनड्राइव्हच दोन तोंडांचे निघाले आणि फाइली नेटवरून जायला लागल्या. म्हणजे तिथे दुसरं टोकच हललं. कार्ड आणि प्रोजेक्टर जागेवर राहिले.

याच २०२१ साली फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने वेगळी वाट काढली. लॅपटॉपच्या अंगात चार कप्पे, त्यात हवा तो पोर्ट सरकवून बसवायचा: आज एचडीएमआय, उद्या जुना यूएसबी. आतून तो यूएसबी-सीच, फक्त कन्व्हर्टर पिशवीतून पोटात घेतलेला. एका वेळी चारच बसतात, तरी निवड कुणी करायची हा प्रश्न तिथे मालकाकडे येतो. चार्जरच्या बाबतीत युरोपीय संघाने तो प्रश्न कायद्याकडे नेला. लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंगची सक्ती, २८ एप्रिल २०२६ पासून.

नवा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा वेग आणि वजन दुकानदार सांगेलच. तुम्ही घरून एक यादी करून न्या: माझ्या कामातली कोणकोणती टोकं माझ्या मालकीची नाहीत? आणि इथे जे संस्थाचालक बसलेत त्यांना एक विनंती. तुमच्या सभागृहाचा प्रोजेक्टर हेही कुणाचं तरी दुसरं टोक आहे. काही शे रुपयांचा कन्व्हर्टर टेबलाला दोरीने बांधून ठेवा. बँकेत पेन बांधतात तसा.

माझा आता पिशवीच्या बंदाला बांधलेला असतो. आज लागला नाही, कारण चित्रं आणलीच नाहीत. आता प्रश्न घेऊ.