दगडी कमळ आणि जिनिव्हाच्या बायका

जाड पानांचं, दगडात कोरलेल्या कमळासारखं एक रोप रोपवाटिकेत मिळतं. त्याचं नाव एचेव्हेरिया. हे मूळचं मेक्सिकोकडचं.

हे नाव अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराचं. १७८७ साली सुरू झालेल्या स्पेनच्या मोहिमेत त्याने आणि सोबत्यांनी झाडांची चित्रं काढली. ती मोसिन्यो या अभ्यासकाकडून द कान्दोल यांच्याकडे जिनिव्हात पोहोचली. १८१७ मध्ये मोसिन्योने ती परत मागितली. तेव्हा द कान्दोल यांनी शहराला हाक दिली. शंभरावर माणसं चित्रं उतरवायला बसली. त्यांत बायका पुष्कळ. सुमारे दहा दिवसांत शेकडो नकला तयार! तो संग्रह आजही जिनिव्हाच्या स्त्रियांच्या नावाने ओळखला जातो. रोपाला एचेव्हेरियाचं नाव द कान्दोल यांनीच १८२८ मध्ये दिलं.

मोसिन्यो १८२० मध्ये वारले. मूळ चित्रं दीडशे वर्षं दृष्टीआड राहिली. तोवर अभ्यासकांना मोठा आधार होता तो या नकलांचा.

हे रोप पानांत पाणी साठवतं. म्हणून भरपूर उजेड द्या, माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घाला, पावसाळ्यात छपराखाली ठेवा. निरोगी पान बुडापासून अलगद काढून भुसभुशीत मातीवर ठेवलं, की मुळं फुटतात. एकीच्या कुंडीतून साऱ्या गटाला रोपं मिळतात.