दिव्यामागून कागदावर

पिंगुळीच्या चित्रकथीतला, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या कथेतला, राम सहसा समोर बघत नाही. चेहरा बाजूने काढलेला, डोळा मात्र अख्खा आणि टपोरा. रंग पाण्यात कालवलेले, पण त्यांना ओघळायची मुभा नाही. ठसठशीत रेघेच्या आत ते सपाट भरायचे. सावली नाही, मागचा कागद बहुतेक कोराच. माणूस काढायची ही कुठली तऱ्हा?

उत्तर त्याच गावात मिळतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रं दाखवतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही करतात. या शेवटच्या खेळात बाहुली पडद्याला टेकवायची आणि मागे दिवा. समोरून कापलेल्या चेहऱ्याची सावली म्हणजे नुसता गोळा. नाक, हनुवटी, मुकुट ओळखू यायचा तर चेहरा बाजूनेच कापायला हवा. डोळा आणि दागिने कातड्याला भोकं पाडून उजळायचे. पडद्यावर मागे डोंगर-झाडांची दाटी परवडत नाही.

कागदाला यातलं एकही बंधन नव्हतं. तरी हात त्याच वळणाने गेला. चित्रकथीची आकृती चामड्याच्या बाहुलीवरून घडली असावी, असं काही अभ्यासक म्हणूनच मानतात. कर्नाटकातल्या तोगलू गोंबेयाट्टा या चामडी बाहुल्यांच्या खेळातल्या बाहुल्या शेजारी ठेवल्या तर साम्य आणखी ठळक दिसतं. अर्थात चित्र दाखवून कथा सांगणारा कलावंत जुनाच. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. म्हणजे प्रथा बाहुलीकडून आली असं नव्हे, आली असेल ती शरीराची ठेवण.

चित्रकथी बघायचीही खेळासारखीच. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांच्या एका कथेच्या गठ्ठ्याला म्हणायचं पोथी. वीणा, हुडुक आणि टाळाच्या साथीने एकेक प्रसंग पुढे येतो. हात उगारलेला राक्षस कागदावर थिजलेलाच असतो, त्याला चालवायचं काम गाणाऱ्याच्या आवाजाचं. चौकटीत घालून भिंतीवर टांगलेलं चित्र म्हणूनच अर्धंच वाटतं.

सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेल्यावर ही कला रोडावली. पिंगुळीचेच कलावंत परशुराम गंगावणे यांनी ती नेटाने धरून ठेवली, घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि 2021मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी चित्रं आहेत. पण कुडाळला उतरलात तर पिंगुळीलाच जा आणि पोथी व बाहुली, दोन्ही दाखवायला सांगा.