क्ले येथील दलदल

इंग्लंडच्या पूर्व भागांत नॉर्फोक परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर क्ले नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवापुढें गोड्या पाण्याची दलदल, तींत पुरुषभर उंचीचें बोरूचें रान, पलीकडे गारगोट्यांचा बांध आणि बांधाला लागूनच उत्तर समुद्र. स्थलांतर करणारे पक्षी समुद्र ओलांडून थकून येतात ते येथें टेकतात. एकोणिसाव्या शतकांत त्यांचें स्वागत बंदुकीनें होई. हौशी गृहस्थ शरद ऋतूंत येऊन दुर्मिळ पक्षी टिपीत आणि गांवांतील पॅश्ली नांवाच्या कारागिराकडून त्यांत पेंढा भरवून घेत. चांगल्या दुर्बिणींचा प्रसार होण्यापूर्वी पक्षी ओळखल्याचा पुरावा म्हणजे मेलेला पक्षीच असे; तेव्हां त्या मंडळींना सर्वस्वी दोष देतां येत नाहीं. पण शिकार आणि पाणथळींचा निचरा यांनीं आपलें काम केलें. वर वळलेल्या चोचीचा ॲव्होसेट १८४० च्या सुमारास इंग्लंडांत घरटीं करीनासा झाला. बगळ्याच्या कुळांतील, बोरूंत दडून बैलासारखा हुंकारणारा बिटर्नही शतक संपण्यापूर्वीच दिसेनासा झाला.

१९११ सालीं नॉर्फोकच्याच सरोवरांत एमा टर्नर या बाईंनीं बिटर्नच्या एका पिलाचें छायाचित्र घेतलें. चोंच आकाशाकडे रोखून तें पिलूं बोरूच्या काड्यांत काडीसारखेंच निश्चल उभें होतें. बिटर्न परत आला याचा तो पुरावा. आणि या वेळीं पुराव्यासाठीं पक्ष्याला प्राण द्यावे लागले नाहींत.

१९२६ सालीं क्लेची दलदल विक्रीस निघाली. नॉरिच शहरांतील डॉ. सिडनी लाँग या वैद्यव्यवसायी गृहस्थांनीं मित्रमंडळ जमवून सुमारें ४०० एकर जमीन ५,१६० पौंडांस विकत घेतली, आणि ती पक्ष्यांसाठीं कायमची राखण्याकरितां एक न्यास स्थापिला. एखाद्या परगण्यानें स्वतःच्या निसर्गासाठीं काढलेली ही त्या देशांतील पहिलीच संस्था. तिचें अनुकरण लागलीच झालें असतें तर बरें. पण दुसरी संस्था यॉर्कशायरमध्यें निघावयास १९४६ साल उजाडावें लागलें! क्लेची राखण बिशप घराण्यांतील माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या केली.

राखणदार बंदूकवाल्यास अडवूं शकतो, समुद्रास नाहीं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं भरती आणि वादळ एकत्र होऊन पाणी बांध फोडून गांवांत शिरलें. त्या रात्रीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसें बुडालीं. खारें पाणी ओसरल्यावर दलदल हळूहळू सांवरली. ॲव्होसेट १९४७ सालींच शेजारच्या सफोकमध्यें परतला होता, कारण महायुद्धांत शत्रूच्या भयानें किनाऱ्यावरील कुरणें पाण्याखालीं घातलीं होतीं. माणसांच्या भांडणाचा पक्ष्यांस असा लाभ क्वचितच होतो. क्लेस त्याचीं घरटीं १९७७ सालीं झालीं.

डिसेंबर २०१३ मध्यें समुद्र पुन्हां आंत आला. गारगोट्यांचा बांध यंत्रांनीं पुन्हां पुन्हां उंच करण्याचा क्रम त्यापूर्वींच सोडला गेला होता. खर्च वाढे आणि लाटा तो पुन्हां पाडीत. म्हणून समुद्रापासून दूर, परगण्याच्या आंतल्या भागांत, जुन्या शेतजमिनींवर पाणी सोडून बिटर्नसाठीं बोरूचीं नवीं रानें वाढविण्यांत आलीं. क्लेचें गोडें पाणी मात्र अद्याप त्याच बांधाच्या आडोशानें राहतें.